‘आजोबा भात-हुमण खाऊन नव्वद वर्षे जगले’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : गोव्यातली जुनी माणसं दोन्ही वेळा भात-हुमण (माशाची आमटी) खाऊन आणि सांजवेळी दोन घोट फेणी घेऊन नव्वदी गाठायची. साखर, प्रेशर ही औषध कंपन्यांनी आकडे खाली आणून वाढवलेली दुखणी आहेत. त्रास नसेल तर तपासणीच्या नादी लागू नका.

आधी आजोबांचं. नव्वदी गाठलेले आजोबा आपण पाहिले म्हणून लक्षात राहिले. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. तान्हेपणी, तापात, बाळंतपणात गेलेल्यांचे घरात फोटोसुद्धा नाहीत. आणि जे जगले ते कसे जगले? माझे आजोबा पहाटे कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पाणी सोडायला जायचे. दहाच्या पेजेला बसायचे तेव्हा चार तासांचं अंगमेहनतीचं काम झालेलं असायचं. आपण त्यांचा भात तेवढा उचलला. तोही उकड्या तांदळाचा राहिला नाही, पांढराशुभ्र पॉलिशचा झाला. जेवून वामकुक्षी, आणि तिठ्यावर जायलाही स्कूटर. २०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत आपण पहिले.

आकडे खाली आणले, हे मात्र खरं आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मधुमेह ठरवणारी उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा १४० वरून १२६ केली. पण का केली, हे मेसेज सांगत नाही. १४० च्या खाली असलेल्यांच्याही डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडत होत्या.

फेणीचं दोन ओळींत सांगते. काजूच्या बोंडूची असो की आणखी कशाची, आत अल्कोहोलच असतं, आणि ते कर्करोगाला कारण ठरतं. कितीही कमी घेतलं तरी ते निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो शेवटच्या वाक्याचा, त्रास नसेल तर तपासू नका. माझ्या बाबांना काहीच त्रास नव्हता. एका संध्याकाळी ते बाजारातून आले आणि ओसरीवर रक्ताची पावलं उमटली. चपलेचा खिळा वर येऊन टाचेत रुतला होता. तसेच ते घरापर्यंत चालत आले होते, आणि ‘कुठे काय?’ म्हणून मलाच विचारत होते. पायांची संवेदना गेली होती. साखर कित्येक वर्षं वाढलेली असणार, पण ती तोवर कोणी मोजलीच नव्हती. ती जखम भरायला पाच महिने लागले. साखर दुखत नाही, प्रेशरही बहुतेकदा दुखत नाही. म्हणूनच मोजावं लागतं.

मोजायची सुरुवात शिवणकामाच्या टेपनेही होते. चेन्नईच्या संशोधकांनी भारतीयांसाठी एक साधा हिशेब बसवलाय : वय, कंबर, हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह, मिळून १०० गुण. ६० किंवा जास्त आले तर धोका मोठा, रक्त तपासून घ्यायचं. यंदा चवथीला नेवऱ्या तळून झाल्यावर मी मावसभावाची कंबर मोजली. ‘ताई, मला काय झालंय?’ म्हणत तो उभा राहिला. वय ४२, त्याचे २०. कंबर ९८ सेंटिमीटर, त्याचे १० (पुरुषांनी ९० च्या आत, बायकांनी ८० च्या आत राहावं). दिवसभर खुर्ची आणि व्यायाम नाही, त्याचे ३०. मावशीला मधुमेह, त्याचे १०. एकूण ७०.

पुढच्या आठवड्यात त्याने रक्त दिलं. उपाशीपोटी ११८, म्हणजे अजून उंबरठ्यावर. इथून मागे फिरता येतं. अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि सात टक्के वजन उतरवणं एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. तो निकाल २००२ चा.

भावाने मासळी सोडलेली नाही, सोडायची गरजही नाही. बांगडा तळण्याऐवजी हुमणात जातो. भाताची एक मूद कमी झाली, तिच्या जागी अळसांद्यांची उसळ आली. सुकी मासळी आणि लोणचं एका जेवणात दोन्ही नाही, कारण दिवसाचं मीठ सगळं धरून एक चमचा, पाच ग्रॅम. रात्री जेवल्यावर तो आणि वहिनी देवळाच्या तळीपर्यंत चालत जाऊन येतात. पुढचं रक्त दिवाळीनंतर द्यायचंय.