टायमर लावून गाणं संपल्याचं कळत नाही

क्यूटीमध्ये (प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं बनवायची सी++ लायब्ररी) म्युझिक प्लेअर लिहायला घेतलेल्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘गाणं वाजवणाऱ्या क्यूमीडियाप्लेअर क्लासच्या सिग्नलांच्या (काही घडलं की तो पाठवतो त्या सूचनांच्या) नादी लागू नका. सोर्स द्या, अर्धा सेकंद स्लीप करा, मग दर १०० मिलिसेकंदांनी टायमरमध्ये पोझिशन (किती वाजलं) ड्युरेशनएवढी (गाण्याच्या लांबीएवढी) झाली का बघा. झाली की पुढचं गाणं. टायमर नको असेल तर प्लेअर स्टॉप्ड झाला की पुढे जा.’ क्यूटी ६ मध्ये प्लेलिस्टचा तयार क्लास उरला नाही, ‘पुढचं गाणं’ आपणच लिहावं लागतं, म्हणून हा सल्ला जास्तच फिरतो.

आधी स्लीप. प्लेअरला गाणं देणारं सेटसोर्स ते लोड होण्याची वाट न बघता लगेच परत येतं, हे खरं. पण म्हणून जीयूआय थ्रेडच (खिडकी सांभाळणारा धागा) झोपवला तर इव्हेंट लूप (आलेल्या घटना एकेक हाताळणारं चक्र) थांबतो, खिडकी गोठते, आणि दुसऱ्या थ्रेडवरून आलेली ‘लोड झालं’ ही खबरही रांगेत पडून राहते. ज्याची वाट बघायची त्याचाच रस्ता अडवून बसायचं! मीडियास्टेटसचेंज्ड हा सिग्नल जोडा आणि त्यात लोडेडमीडिया ही स्थिती येऊ द्या.

टायमरची खरी गंमत पुढे आहे. लोड होईपर्यंत पोझिशन ० आणि ड्युरेशनही ०. ‘पोझिशन >= ड्युरेशन’ ही अट पहिल्याच फेरीत खरी ठरते आणि गाणं वाजायच्या आत पुढच्यावर उडी. मग कोणीतरी ‘ड्युरेशन > ०’ असं ठिगळ लावतं. आता लांबी सांगणारं हेडर नसलेली व्हीबीआर (बदलत्या बिटरेटची) एमपी३ घ्या: तिथे ड्युरेशन हा निव्वळ अंदाज असतो. तो कमी निघाला, की शेवटच्या ओळी कापल्याच. लाइव्ह रेडिओला तर ड्युरेशनच नसते. तिथे ही अट कधीच लागत नाही.

(स्लायडर हलवायला टायमर चालेल, पण पोझिशनचेंज्ड सिग्नल असताना तो कशाला? क्यूटी ५ मध्ये तो सिग्नल मुळात सेकंदाला एकदाच यायचा; नोटिफायइंटरव्हल (दोन सिग्नलांमधलं अंतर) कमी केलं की काम व्हायचं.)

स्टॉप्डवाला उपाय त्याहून वाईट. गाणं संपलं तरी स्टॉप्ड, आणि वापरणाऱ्याने थांबवलं तरी स्टॉप्डच. म्हणजे बिचारा थांबवायचं बटण दाबतो आणि पुढचं गाणं सुरू होतं. गाणं संपल्याची खूण एकच: मीडियास्टेटसमधलं एंडऑफमीडिया. उघडताच न येणाऱ्या खराब फाइलवर ते येतच नाही, इनव्हॅलिडमीडिया येतं. तिथे पुढे जायचं की एररऑकर्ड सिग्नलमधला मजकूर दाखवून थांबायचं, हे तुम्ही ठरवा. मी थांबतो, नाहीतर सगळंच फोल्डर गायब असेल तर यादी सरसर शेवटपर्यंत धावत सुटते.