एलईडी आले म्हणून फेड सोपा झाला नाही

रंगमंचावरच्या दिव्यांबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘रंगमंचावर एलईडी आले की डिमरची (उजेड कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाची) कटकट संपली’ हे वाक्य पटलं नाही. मी २२ वर्षं नाटकांचे लाइट्स ऑपरेट करतोय. हजार वॉटच्या हॅलोजन स्पॉटचा उजेड हळूहळू उतरवला, म्हणजे फेड केला, की आतली तार सावकाश थंड होते, उजेड पिवळा, मग तांबूस होत विझतो. फेडरवर, म्हणजे उजेडाच्या सरकत्या दांडीवर, हात जरा हलला तरी ती तार सांभाळून घेते. एलईडीत तारच नाही. सांगाल तेवढा उजेड, त्याच क्षणी.

आता दिव्याला हुकूम जातो डीएमएक्स ५१२ वरून. लाइट बोर्डाने दिव्यांना हुकूम कसे पाठवायचे याचं हे १९८६ सालचं मानक. एका लाइनवर ५१२ चॅनल (हुकमाच्या स्वतंत्र वाटा), प्रत्येकाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. ३० सेकंदांचा फेड घेतला तर एका पायरीला साधारण ०.१२ सेकंद मिळतात. वरच्या पायऱ्या कळत नाहीत, तळाच्या मात्र एकेक दिसतात. परवाच्या प्रयोगात शेवटच्या प्रवेशात आईच्या चेहऱ्यावरचा उजेड टप्प्याटप्प्याने उतरला आणि फटकन गेला. तिचा हात अजून पदरावरच होता. फार वाईट वाटलं.

उपाय आहे. दिवा १६ बिट मोडवर घ्या; दोन चॅनल खर्च होतात, पण पायऱ्या ६५,५३६ मिळतात. डिमर कर्व्हही, म्हणजे कितव्या पायरीला किती उजेड द्यायचा ते सेटिंगही, बदलून बघा. आणि नाट्यगृहांनी खरेदीआधी विक्रेत्याला पूर्ण अंधारात, शून्यापर्यंतचा संथ फेड करून दाखवायला सांगावं.