कोण कधी आलं

नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. १ मे १९६० च्या आधी महाराष्ट्रात होता तो इथला, नंतर आला तो उपरा. हे मांडणारे काका निवृत्त आहेत, वेळ भरपूर आहे. मी रशियात व्होल्गोग्राडला रात्रपाळीत ते वाचतो आणि उगाच डोकं तापवून घेतो.

काका, तारखेवरच सगळं ठरत असेल तर इथल्या आमच्या शेजारच्या कल्मिकांचं, म्हणजे रशियातल्या मंगोल वंशाच्या लोकांचं, काय करायचं? शिवरायांचा जन्म १६३० चा. त्याच सुमारास खो ओर्ल्युक हा सरदार त्यांच्या पूर्वजांना, तोरगुत मंगोलांना, घेऊन झुंगारियाकडून (आजच्या चीनच्या वायव्य टोकाकडून) व्होल्गेच्या खालच्या खोऱ्यात आला. यांना कुरणं हवी होती, झारला दक्षिण सीमेवर घोडदळ. त्यांचा पुढचा आयुका खान इतका बलदंड झाला की १७२२ मध्ये पीटर बादशहा इराणच्या मोहिमेवर जाताना वाटेत त्याला भेटला. पुढे शेतकरी वसाहती आल्या, जर्मनसुद्धा येऊन बसले, कुरणं आक्रसली, खानाच्या कारभारात हात घातला गेला. जानेवारी १७७१ मध्ये उबाशी खान दीड लाखाहून अधिक माणसं घेऊन परत पूर्वेला निघाला. निम्मीसुद्धा पोचली नाहीत. पश्चिम काठावरचे राहिले, कारण त्या हिवाळ्यात नदी नीट गोठलीच नाही. म्हणजे कोण कुठला, हे थंडीनं ठरवलं! रशियाच्या महाराणी कॅथरीननं त्याच वर्षी खानाची गादी मोडीत काढली.

राहिलेले रशियाचे होऊन लढले. नेपोलियनचा पाठलाग करत १८१४ मध्ये पॅरिसात शिरलेल्या फौजेत कल्मिक स्वार होते. आणि २८ डिसेंबर १९४३ ला काहींनी जर्मनांना साथ दिली म्हणून सगळी जमात, नव्वद हजारांहून जास्त माणसं, मालगाडीत कोंबून सैबेरियात. आघाडीवर लढणाऱ्यांनाही मागाहून काढलं. त्यांची राजधानी एलिस्ता, तिचं नावसुद्धा बदलून टाकलं. परतायला १९५७ उजाडलं. माझ्या वॉर्डातल्या कल्मिक डॉक्टरच्या आईच्या जन्मदाखल्यावर म्हणूनच सैबेरियातलं नोवोसिबिर्स्क आहे. तीनशे वर्षांची वस्ती त्या रात्री कुणी मोजली नाही.

आपल्याला मात्र व्यंकोजींच्या तंजावरचा अभिमान. तिथं मराठी माणूस कल्मिकांच्या नंतर चाळीस-पन्नास वर्षांनी पोचला, पण त्याला उपरा म्हटलेलं आपल्याला खपणार नाही.

‘तिकडे असलं काही नसेल,’ असं ग्रुपवरच्या एका ताईंनी लिहिलं. मी अंगठा दाखवून मोकळा झालो, कारण परदेशातल्या माणसाकडून हेच ऐकायचं असतं. खरं तर घर शोधताना ‘फक्त स्लाव्हांना’, म्हणजे रशियन वगैरे वंशाच्यांनाच, अशा जाहिराती मी आणि तो डॉक्टर एकत्रच वाचत होतो. तो हसला, मला हसू येईना. त्याचे पूर्वज इथं येऊन चार शतकं होत आली आणि माझी रेगिस्त्रात्सिया, म्हणजे राहण्याची सरकारी नोंद, दरवेळी नवी करावी लागते, तरी त्या जाहिरातीपुरते आम्ही दोघं अगदी सारखे. तेव्हा मला नाशिकची फार आठवण आली होती. तिथं माझं घर कुणी विचारणार नाही, असं वाटलं.

काका, माझे आजोबा बेळगावहून नाशिकला १९६४ मध्ये आले. तुमच्या यादीत मला कुठं बसवताय, तेवढं ग्रुपवरच सांगा.