बाप म्हणून उभं राहायचे किती घेता?

उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. त्या काळात लोकांनी मला जनगणनेवाला समजलं, पोलिओ डोसवाला समजलं, एका गावानं तर मला बँकेचा वसुलीवाला समजून दुपारभर पाणीसुद्धा विचारलं नाही. सगळं सोसलं. पण गेल्या आठवड्यात, पोटच्या पोरीच्या लग्नात, एका गृहस्थानं मला खांबाआड घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाप म्हणून उभं राहायचे किती घेता?"

ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

मागची हकीकत थोडक्यात. पोरगं पुण्यात नोकरीला, पोरगीही तिथंच. दोघांनी ठरवलं, दोन्ही घरांना पटलं. व्याही मांजराकाठचे शेतकरी. पहिल्याच भेटीत म्हणाले, "गुरुजी, 2025 च्या सप्टेंबरात नदी वावरात आली. सोयाबीन गेलं, संगं मातीबी गेली. आमच्याकडून थाटमाट होणार नाही." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण बायको शेजारी होती आणि माझा आनंद पैशाचा आहे हे तिला लगेच कळलं असतं.

त्याच रात्री मी वही काढली. डाव्या पानावर रीतसर लग्न: कार्यालय, बाराशे ताटं, मांडव, डीजे, घोडा, फेटे, आहेर, मानपान, पत्रिका, पत्रिका वाटायच्या गाडीचं डिझेल. बेरीज पंधरा लाखांवर गेली. माझा भाऊ शेती करतो, त्याला रुपयात सांगून काही कळत नाही. त्यानं हमीभावानं भागलं. 2025-26 चा भाव 5328 रुपये, म्हणजे 281 क्विंटल सोयाबीन. एकरी सात-आठ क्विंटल धरा. पस्तीस-चाळीस एकराचं पीक एका दुपारी जेवून, वर "वरण जरा पातळ होतं" असं म्हणून लोक निघून जाणार. आणि हे हमीभाव हातात पडला तर. आडतीवर जो भाव मिळतो त्यानं भागायला लागलो तेव्हा भावानं पेन काढून घेतलं.

उजव्या पानावर रजिस्टर लग्न. सरकारी फी दोनशेच्या आत. घरची चाळीस माणसं, गच्चीवर पंगत, आमरस-पोळी, एक आचारी. मंगळसूत्र व्याह्यांकडं. सोन्यानं 2025 च्या एप्रिलात तोळ्याला लाखाची वेस ओलांडली, तेव्हापासून आमच्या घरात सोन्याचं नाव काढायची बंदी आहे. शेवटची ओळ, 'किरकोळ: दोन हजार'. या ओळीकडं लक्ष असू द्या.

तारखेवरून आईनं घर डोक्यावर घेतलं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, मग लग्न. हे तीस दिवस मोजले की तारीख नेमकी धोंड्याच्या महिन्यात येत होती. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. "धोंड्यात लग्न? लोक तोंडात शेण घालतील!" मी म्हटलं, आई, कायद्याला तिथी नाही, त्याला फक्त तारीख आहे. शिवाय धोंड्यात आचारी रिकामे असतात. हा मुद्दा तिला जरा पटला. पण लगेच तिनं वहीतली नवी ओळ सांगितली: धोंड्यात जावयाला दीप आणि तेहेतीस अनारसे द्यावे लागतात. "अगं, तो जावई होऊन अर्धा तास झालेला असेल!" "मग? झाला तर असेल ना." लिहिली ओळ.

नोटिशीचं प्रकरण निराळंच. ती कचेरीतल्या फळ्यावर लागते आणि तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. आमच्या एका लांबच्या आत्याचा जावई फेरफाराच्या कामाला गेला होता, त्यानं ती वाचली आणि मोबाईलवर फोटो काढून अख्ख्या भावकीत फिरवली. फोन सुरू झाले. "कळवायचं तरी!" "आम्ही परके का?" हरकतीची कारणं कायद्यात मोजकी आहेत: पहिला नवरा-बायको हयात असणं, वय कमी असणं, जवळचं नातं, मानसिक अवस्था. 'आवतण नाही' हे कारण त्यात नाही. असतं तर मराठवाड्यात आजवर एकही लग्न लागलं नसतं.

तर लग्नाचा दिवस. ऊन असं की कचेरीच्या फरशीवर चप्पल काढायची सोय नाही. आत दोनतीन खरेदीखतं, एक हक्कसोडपत्र आणि आम्ही. साहेब सभ्य, कारकून सभ्य. अडचण एवढीच की साक्षीदार तीन लागतात आणि आमच्याकडं दोनच. एक माझे साडू, एक पोरीची मैत्रीण. तिसरा जावयाचा मित्र, त्याची गाडी रस्त्यात बंद पडलेली. मी बाकावर बसून फोन लावत होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ: धोतर, पांढरी टोपी, मांडीवर वायरची पिशवी. कोणाच्या तरी खरेदीखताला आलेले.

"पोरगी कोणाची?"

"माझी."

"ते झालं. खरी कोणाची?"

"माझीच. मी तिचा बाप."

त्यांनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत बघितलं. "मंग रडत कामून नाहीत?"

मी म्हटलं, अजून वेळ आहे.

"पोराकडचं कोण आलंय का?"

"ते बघा, लिंबाखाली. आई, वडील, चुलते."

"दोन्हीकडचे आलेत?"

"हो."

"आन् तरी पळून आलेत?"

"पळून नाही हो. राजीखुशीनं लावतोय. खर्च नको म्हणून इथं."

ते आवाज न करता हसले. नुसतं पोट हललं. "पाव्हणं, या बाकावर आमची जिंदगी गेली. भावाभावाच्या वाटण्या बघितल्या, पळून आलेली बघितली, आईबाप मागून काठ्या घेऊन आलेले बघितले. पर खर्च नको म्हणून आलेलं माणूस नाही बघितलं. खर्च नको तर माणूस घरी बसतंय."

मग तो खांब आणि तो प्रश्न. आणि मी काही बोलायच्या आत खुलासा. खरेदीखताला ओळखीचा साक्षीदार पाचशे घेतो, चहा-नाष्टा निराळा. बापाचा रेट जास्तीच असणार, जोखीम आहे. त्यांच्या साडवाच्या पोराचं असंच काहीतरी चाललंय, पोरीकडचं कोणी यायला तयार नाही. तुमची तब्येत बरी आहे, चष्मा आहे, बोलणं मास्तरासारखं आहे, बाप म्हणून शोभता. आगाऊ रक्कम देऊन ठेवतील.

मी आधार कार्ड काढलं. पोरीचं मधलं नाव बघा, माझं नाव बघा. त्यांनी ते उन्हाकडं धरलं, नोट बघतात तसं. "आधारचं काय सांगता. गावात एका बाईचं वय आधारवर तिच्या आईपेक्षा जास्त आहे." कार्ड परत. मग एकदम डोळे बारीक करून म्हणाले, "पोरीला लहानपणी काय म्हणायचेत?"

उत्तर द्यायची मला काही गरज नव्हती. पण माणूस इरेला पेटतो. म्हटलं, "छबुडी."

म्हातारबा उठले, टोपी सारखी केली आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "ए छबुडेऽऽ!"

पोरगी पैठणी सावरत जावयाच्या ऑफिसातल्या मित्रमंडळींशी फोनवर इंग्रजीत बोलत होती. ती गर्रकन वळली. त्यांच्याकडं बघितलंच नाही, थेट माझ्याकडं बघितलं. "बाबाऽ!" असं दात आवळून म्हणाली. व्याही लिंबाखालून उभे राहिले.

"पटली ओळख," म्हातारबांनी जाहीर केलं. "बापच आहे. खरेदीखतवाल्यांनो, बाप अस्सल आहे!"

इथं संपायला हवं होतं. पण तेवढ्यात कारकुनानं बाहेर डोकावून विचारलं, तिसरा साक्षीदार आला का, आणि म्हातारबांनी हात वर केला. "मी हाय. आधार जवळ हाय." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं बघितलं. पैसे? "छे छे! लेकीच्या लग्नात पैसे घेत असतेत का? पर मान पाहिजे. टॉवेल, टोपी आन् फेटा. साक्षीदार म्हंजे मामाच्या जागी. मामा बोडका उभा राहतो का?"

साडूंना लातूरच्या गंजगोलाईला पिटाळलं. 1917 सालची ती गोल बाजारपेठ, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि चहूकडं फुटलेले सोळा रस्ते. साडू उदगीरकडचे. ते मिरचीच्या गल्लीत शिरले, भांड्यांत निघाले, सराफ्यात उसाचा रस प्यायले आणि फेटा आणला तो केशरी, जरीचा, बांधून तयार. टॉवेल-टोपीसकट आकडा ऐकल्यावर 'किरकोळ' ही ओळ जागच्या जागी संपली.

आत लग्न लागलं ते मोठं सुरेख लागलं, हे कबूल करायला हवं. कायद्यात सप्तपदी नाही, एकच वाक्य आहे. साहेब आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना नाव घेऊन, कायदेशीर पत्नी म्हणून, कायदेशीर पती म्हणून स्वीकारतो असं म्हणायचं. पोरीचा आवाज कापला. माझाही घसा दाटला. म्हातारबांनी कोपरानं ढोसलं, "आता रडा." आणि वायरच्या पिशवीत हात घातला. आडत्याला दाखवायला आणलेली ज्वारी! आमच्याकडं अक्षता ज्वारीच्याच. मुठीमुठीनं त्यांनी ती हक्कसोडपत्रवाल्यांना, खरेदी घेणाऱ्याला, विकणाऱ्याला वाटली, आणि "सावधाऽन" म्हणून जो वर्षाव झाला त्यात अंगठ्याचं यंत्र, कीबोर्ड आणि साहेबांचा चहा, तिन्ही सापडले. कारकून बिचारा पिनेनं कीबोर्डातले दाणे काढत म्हणाला, "गुरुजी, पुढच्या खरेदीखतात एखादं अक्षर कमी पडलं तर तुमच्याकडं पाठवतो."

दुपारी पंगतीला म्हातारबा आले. सोबत जमीन घेणारा, विकणारा आणि दस्त लिहिणाराही. आमच्याकडं चूलबंद आवतण असतं, घरचं कोणी मागं ठेवायचं नाही. त्यांनी ते स्वतःच स्वतःला दिलं होतं. रस पुरला, पोळ्या पुरल्या नाहीत. अनारसे तेहेतीस होते, जावयापर्यंत एकवीस पोचले.

हसून सोडून देता आलं असतं. पण संध्याकाळपासून जे कानावर येतंय त्यानं हसू आटतं. "गुरुजीनं पोरगी उरकली." "काहीतरी असंल, उगं कोणी गुपचूप करतंय का?" एका बाईनं तर आमच्या विहीणबाईंना फोन करून विचारलं, पोरीत खोट आहे का. म्हणजे कर्ज काढून लग्न केलं की अब्रू, आणि हातातल्या पैशात केलं की भानगड. हेच लोक 2021 च्या एप्रिलात पंचवीस माणसांत, दोन तासांत लग्नं लावत होते, कारण सरकारनं तशी मर्यादा घातली होती आणि मोडली तर पन्नास हजार दंड होता. तेव्हा कोणाच्या पोरीत खोट नव्हती. उलट प्रत्येक बाप तोंडाला मास्क लावून सुटकेचा श्वास घेत होता. माझ्या मेहुण्यानं तर दुसऱ्या पोरीचंही त्यातच आटपता येतंय का बघितलं. आणि 2017 साली याच लातूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या लेकीनं बापावर लग्नाच्या खर्चाचा बोजा नको म्हणून चिठ्ठी लिहून जीव दिला, तेव्हा हळहळलेही हेच. हळहळून झालं आणि पुढच्या तिथीला डीजे सांगायला गेले.

सत्यशोधक समाजानं पहिलं लग्न 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात लावलं, भटजी नाही, डामडौल नाही. हे मी वर्गात रंगवून शिकवायचो. पोरं माना डोलवायची. त्यातल्याच एकाचं आज हायवेला कार्यालय आहे, बाराशे ताटांचं. परवा भेटला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, सांगितलं असतं तर धोंड्यात निम्म्या भाड्यात दिलं असतं." खरं सांगतो, मी दोन मिनिटं मनातल्या मनात हिशेब केला.

तूर्तास निराळंच दुखणं निघालंय. तिसऱ्या साक्षीदाराला फेटा, मग पहिल्या दोघांनी काय पाप केलं? साडू बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण "आम्ही काय, घरचेच" असं, आणि बायकोची बहीण ते वाक्य फोनवर रोज पोचवते. साडूला फेटा द्यायचा तर व्याह्यांना नको? व्याह्यांना दिला तर चुलत्यांना? आणि मैत्रिणीला फेटा चालत नाही, साडी लागते. काल मीच गंजगोलाईत गेलो. फेटेवाला म्हणाला, सुटे घेतले तर महाग पडतील, डझनावर घ्या. घेतले.