मिठातल्या ‘विषा’बद्दल फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश सध्या फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, सोडियम पाण्यात पडताच पेट घेतो, क्लोरीन हा युद्धात वापरलेला विषारी वायू आहे आणि मीठ या दोघांचेच बनलेले असल्याने तेही विष आहे. पोटात ‘मिठाचा रेणू’ फुटून क्लोरीन सुटतो, म्हणून पाकिटातले मीठ टाकून ‘केमिकल नसलेले’ सैंधव वापरावे.

सोडियम आणि क्लोरीन यांची वर्णने खोटी नाहीत, आणि संदेश लोकांना पटतो तो त्यामुळेच. सोडियम प्रयोगशाळेत रॉकेलखाली ठेवतात आणि २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला होता, हे खरेच आहे. मात्र सोडियमच्या अणूतील ११ इलेक्ट्रॉनांपैकी सर्वांत बाहेरचा सहज निसटणारा असतो आणि क्लोरीनच्या अणूला, १७ असूनही, आणखी एक हवा असतो. दोघांचा दाहकपणा येतो तो यातूनच. मीठ तयार होताना तो इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि मागे राहतात ते सोडियम व क्लोराइड यांचे विद्युतभारित, शांत आयन. दोन अणूंच्या रेणूंचा क्लोरीन वायू मिठात नसतोच. ऑक्सिजनचे उदाहरण तर याहून बोलके आहे: त्याच्या दोन अणूंचा रेणू आपण श्वासात घेतो, तर तीन अणूंचा ओझोन फुफ्फुसांना इजा करतो, आणि दोन्हींत अणू मात्र एकाच मूलद्रव्याचे असतात.

‘मिठाचा रेणू फुटतो’ हे विधान तर मुळातच चुकीचे आहे. साखरेचे आणि पाण्याचे रेणू असतात; मिठाच्या स्फटिकात मात्र प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी सलग मांडणी असते. काळ्या ताटलीत चिमूटभर मीठ पसरून भिंगातून पाहिले तर चौकोनी ठोकळे दिसतात, ते या मांडणीमुळेच. हे आयन सुटे होतात ते आमटीच्या पातेल्यातच, आणि तिथे कोणाला क्लोरीनचा वास आल्याचे ऐकिवात नाही. (मुंबईत नळाच्या पाण्याला कधीकधी तो वास येतो, पण तो जंतुनाशक म्हणून मुद्दाम मिसळलेल्या क्लोरीनचा.) खाऱ्या पाण्यातून हा वायू काढायला कारखान्यात वीज सोडावी लागते, पोटाला मात्र स्वतःचे आम्ल बनवण्यासाठी क्लोराइडच लागते.

राहिले सैंधव. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. मिठागरांत समुद्राचे पाणी आटवून मीठ मिळते, तर सैंधव प्राचीन समुद्र आटून खडकांत साठलेले असते. पाकिटातल्या मिठात घातलेले आयोडीनही मूलद्रव्याच्या रूपात नसून पोटॅशियम आयोडेट या संयुगाच्या रूपात असते, आणि ते गलगंड टाळण्यासाठी घातलेले असते. मिठाबाबत काळजी करायचीच असेल तर ती प्रमाणाची करावी: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि लोणचे, पापड, वडापाव यांतले मीठ, तसेच सैंधव, त्यातच मोजायचे असते.