श्रमदान नको, मोबदला द्या

मे महिना आला की इंदूरमधील आपल्या मराठी घरांत मुलांच्या उन्हाळी शिबिरांची चौकशी सुरू होते आणि भरपूर शुल्क भरून का होईना, मुले चार दिवस निसर्गात राहिली याचे आपल्याला कौतुक वाटते. त्याच वयाची महू-देपालपूरकडची मुले तेव्हा लग्नाच्या मांडवात ताटे उचलत असतात. झाबुआ-अलीराजपूरची कित्येक मुले आईवडिलांबरोबर गुजरातेत बांधकामावर गेलेली असतात. अशा मुलांसाठी सुट्टीत जलसंधारणाची आणि वनसंवर्धनाची कामे काढावीत, असे मला फार वाटते. मात्र त्या कामाला श्रमदान म्हणू नये. त्याचे पैसे द्यावेत.

कामाला तोटा नाही. माळव्याचे पठार बेसाल्टचे आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, त्यामुळे पावसाचे पाणी मुरल्याखेरीज नुसत्या खोल नलकूपांनी भागत नाही. शेजारच्या देवासला १९९० च्या सुमारास रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पुढे २००६ पासून त्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली. टेकडीवर समतल चर, म्हणजे पाणी अडवून मुरवण्यासाठी उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे खड्डे, आखायचे तर तीन बांबूंचा सांगाडा आणि दोरीला बांधलेला दगड पुरतो, आणि हे तंत्र पंधरा वर्षांचे मूल एका सकाळीत शिकते. रोपवाटिकेत पिशव्या भरणे, घाणेरीची झुडपे काढणे, गावातील विहिरींची पातळी मोजून वहीत नोंदवणे, हीही त्यांच्या आवाक्यातली कामे आहेत. विहिरीतला गाळ काढण्यासारखी धोक्याची कामे या वयाला देऊ नयेत आणि सकाळी दहानंतर कोणालाही उन्हात ठेवू नये, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

अमेरिकेत १९३३ साली मंदीच्या काळात बेकार तरुणांना जंगलांत कामाला लावले, तेव्हा महिना तीस डॉलर मिळत आणि त्यांतले पंचवीसच्या आसपास थेट घरी जात. १९७० च्या कायद्याने पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी तसाच उन्हाळी उपक्रम सुरू झाला, तोही सशुल्क नव्हे, सवेतन. आपल्याकडे रोजगार हमीचे काम अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे दहावी-बारावीच्या वयाच्या मुलाला एकतर मांडवातली मजुरी, नाहीतर फुकटची सेवा.

यावर हलमाचा दाखला दिला जाईल. झाबुआच्या भिल्ल समाजात अडलेल्या घराने हाक दिली की सारे गाव मजुरी न घेता धावून येते आणि हाथीपावा टेकडीवरचे चर याच परंपरेतून खोदले गेले आहेत. मला त्याविषयी नितांत आदर आहे. पण हलमात आज जो जातो, त्याला उद्या स्वतःसाठी हाक देण्याचा हक्क असतो. बाहेरून येऊन आठवडाभर शिबिर भरवणाऱ्या आणि फलकासमोर छायाचित्रे काढून परतणाऱ्या मंडळींना त्या मुलाने पुढे कधी हाक द्यावी? (फलकाचा खर्च मात्र कोणी श्रमदानात करत नाही.)

पैसे मुलाच्या वा मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जावेत, ठेकेदारामार्फत नव्हे. शिवाय थोडी रक्कम पावसाळ्यासाठी राखून ठेवावी, कारण पहिल्या जोरदार सरीनंतर कोणता चर फुटला आणि कोणता भरला, हे पाहून दुरुस्त करण्याचे कामही त्याच मुलांचे आहे आणि त्या दिवसांचाही मोबदला त्यांना मिळाला पाहिजे.