स्वस्त कुठला, ते डिस्कवर ठरतं

गेम कन्सोलवरच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांवरच्या) लेखात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसला 'सगळ्यात स्वस्त सौदा' म्हटलंय, ते नुसत्या यंत्राच्या किमतीपुरतं खरं. २०२० साली तो ३४,९९०ला आला. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) स्लिम भारतात एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल, म्हणजे फक्त डाऊनलोड केलेले गेम चालवणारा, ४४,९९०. डिस्कवाल्याशी वीस हजारांचा फरक, मान्य! पण भावा, सिरीज एसला डिस्क चालतच नाही, मागाहूनही बसवता येत नाही. इथं कोल्हापुरात आमची राजारामपुरीतली पोरं गेम संपला की डिस्क एकमेकांत फिरवतात, नाहीतर विकून पुढची घेतात. नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. डाऊनलोड केलेला गेम विकणार कुणाला, डोंबल? स्लिमच्या डिजिटल मॉडेलला निदान डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो, फक्त पहिल्यांदा इंटरनेट लागतं.

सोनीचीही कमाल आहे म्हणा. स्लिम उभा ठेवायचा स्टँड वेगळा विकतात, म्हणजे मिसळ घ्या आणि पावाचे पैसे निराळे द्या!

गेम पासवर (वर्गणी भरून बरेच गेम खेळायला देणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) मिळेल ते खेळणाऱ्याला, आणि घरात साधा फुल एचडी टीव्ही असेल त्याला, सिरीज एस पुरेल. फक्त ५१२ जीबी साठवणीचा घेऊ नका, चार मोठे गेम टाकले की भरला.